एकदाच लिहिणारे सर

कोणाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेत नाहीतर अर्जात. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण एकच गोष्ट दोनदा लिहिण्याचा इतका तिटकारा असलेला माणूस, आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या सरांखेरीज, अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

सर मूळचे मिरजगावचे, राहायला केडगावला. सायकलवरून यायचे आणि हजेरी घ्यायचे ती अशी : "जो आला न्हाई त्यानं सांगा. आलेल्यांची नावं रोज कशाला लिहायची?" फळ्यावर तीच ओळ पुन्हा आली की खडू ठेवून म्हणायचे, "वरची बघा." त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या निम्म्या डब्यांवर लाल ठिपका होता आणि दारावर चिठ्ठी होती, 'लाल ठिपक्याला ओला हात लावू नये.' काकू म्हणाल्या, "बघ बाबा. डब्यात काय हाय ते कुठंच लिहिलेलं न्हाई. साखरेसाठी पाच डबे उघडते मी." सर मुळीच ओशाळले नाहीत. "अगं, आज साखर, उद्या रवा. ओलं चालत न्हाई हा प्रकार तोच ऱ्हातो. म्हणून खूण प्रकाराला करायची, आन् नियम एकदाच लिहायचा."

ही खूण म्हणजेच त्यांचं वेड. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पुण्याच्या एका मित्रानं त्यांना परदेशातल्या एका लेखाची झेरॉक्स पाठवली होती. प्रोग्रॅममध्ये शंभर ठिकाणी लागणारा नियम बाजूला एकदाच लिहायचा आणि तो कुठेकुठे लागू आहे ते सांगायचं, अशी ती नवी पद्धत. सरांना ती बेहद्द आवडली, पण त्या ठिकाणांची नावानिशी यादी द्यावी लागते हे त्यांना सलत होतं. त्यापेक्षा माहितीच्या प्रकारालाच खूण करा आणि नियम खुणेला लावा, असं त्यांचं म्हणणं. मग ती खूण लिहायची कशी, यात दोन वर्षं गेली. आधी ती अख्खं वाक्य होती, मग तीन शब्द झाली, शेवटी एक चिन्ह आणि एक शब्द. ती प्रकाराच्या नावाच्या आधी यावी की नंतर, हे त्यांनी चहाच्या टपरीवर मला विचारलं. माझं मत विचारणारे ते पहिलेच मोठे माणूस. मी घाबरत म्हणालो, "आधी, सर. वाचणाऱ्याला आधीच कळलेलं बरं." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

एकदा त्यांनी लॅबमध्ये नियम लावला : कुठलीही माहिती नवी आली वा बदलली की तिची नोंद प्रिंटरवर छापायची. नोंद हीसुद्धा माहितीच, हे ते विसरले. मग नोंद झाली, म्हणून तिची नोंद झाली, म्हणून तिचीही. प्रिंटर करकरत राहिला, कागद टेबलावरून उतरून दारापर्यंत गेला. शिपाईमामा धावत आले. "सर, आवरा की! लग्नाच्या पत्रिका छापताय व्हय?" मी बटण बंद केलं तर सर माझ्यावरच चिडले. "थांब की जरा! लई मोठी गोष्ट कळली. 'ह्याला नियम लागू न्हाई', अशीबी एक खूण पायजे!"

त्या खुणेसकट त्यांनी इंग्रजीत अकरा पानं लिहिली आणि त्या परदेशी लेखाखालच्या पत्त्यावर पाठवली. तेव्हापासून पोस्टमन यायच्या वेळी सर लॅबच्या पायरीवर उभे. स्टाफरूममध्ये त्यांना 'ठिपकेवाले' म्हणत, ते त्यांनाही ठाऊक होतं. एकदाच मला म्हणाले, "शाबासकी नको रं. पण ह्ये काही हाय का नुसतं खूळ, एवढं सांगणारं नगरात कुणी न्हाई."

मी नोकरीसाठी पुण्याला गेलो तरी उत्तर आलेलं नव्हतं. पुढे मीही विचारायचं सोडून दिलं. विचारलं की ते उगीच हसायचे. मग एका दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"आलं रं पत्र. चांगलं दोन पानी हाय. म्हणत्यात, तुमची पद्धत चालायची न्हाई."

"का पण, सर?"

"एकाच प्रकाराला दोन खुणा लागल्या, तर आधी कुठला नियम चालवायचा, ते मी सांगितलंच न्हाई. बरोबर हाय त्यांचं." मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती चूक अकराव्या पानावरच्या उदाहरणात दिसती बरं का. शेवटच्या पानावर."