भरलेल्या छातीला पंप कशाला?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. दुधात पाणी आहे का, हे मी अजूनही बोट बुडवून बघते. पण देवासच्या घरात त्या वर्षी मी ज्यांच्या मागे हात धुऊन लागले, ते माझे बाबा होते.

बाबा सांगलीहून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी रिटायर झाले. तोवर बिड्यांनी फुप्फुसांची वाट लावली होती. बिडी सुटली, धाप सुटली नाही. सलग वाक्य बोलता येईना. दोन शब्द, मग श्वास, मग पुढचे दोन शब्द. वर छातीत धडधड. म्हणून त्यांना इंदूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीनवर बघून ते म्हणाले, "दिल में खराबी नहीं है, बस पूरा भर नहीं रहा. छाती वाले डॉक्टर को दिखाइए." खराबी नाही तर भरत का नाही? हे लोक आमच्यापासून काहीतरी लपवताहेत, असं मला तिथेच वाटलं.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "फेफड़ों में हवा फँसी है, ज़रूरत से ज़्यादा. ये पंप सुबह-शाम लेना है. नहीं तो दिल भी थक जाएगा." कंपाउंडरनं घाईघाईत पंप, म्हणजे इनहेलर, कसा घ्यायचा ते दाखवलं आणि आम्ही घरी आलो.

दोन महिने गेले. सकाळ-संध्याकाळ मागच्या अंगणातून 'फुस्स' असा आवाज यायचा आणि आई समाधानानं मान डोलवायची. पंप वेळेवर संपायचा, नवा यायचा. बाबांना मात्र काडीचा फरक नव्हता. आंघोळ करून आले की खाटेवर बसून धापा टाकायचे, ओठ निळसर पडायचे. 'दिल थक जाएगा' हे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते. मला फार भीती वाटत होती.

मी घाबरले की संशय घेते. औषध नकली असणार, नाहीतर बाबा चोरून बिडी ओढत असणार. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला गाठलं. "भिया, सच बताना, बाबा बिड़ी ले जाते हैं ना?"

"नी दीदी, कसम से. सौंफ ले जाते हैं."

बडीशेप! वास लपवायलाच ना? त्या दिवसापासून बाबा बाहेरून आले की मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जायची आणि त्यांचं तोंड हुंगायची. ते नुसती नजर वळवायचे, आणि मला ती चोराची नजर वाटायची.

शेवटी एक दिवस मी तणतणत त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. "दवा नकली है," मी बसायच्या आधीच म्हटलं. डॉक्टर चिडले नाहीत. बाबांच्या हातात पंप देऊन म्हणाले, "बाबूजी, ज़रा मेरे सामने लीजिए."

बाबांनी पंप हातात उलटसुलट फिरवला. मग म्हणाले, "हवा तो... पहले ही ज़्यादा है... ऊपर से पंप? ट्यूब... फटेगी नहीं?"

म्हणजे पंप तोंडाला न लावता, अंगणात रोज उभं राहून ते औषध हवेत सोडत होते! आयुष्यभर कारखान्यात पंप जोडणाऱ्या माणसाला पंप म्हणजे भरायचं यंत्र, एवढंच ठाऊक. मला हसू आलं आणि संतापही आला.

"अरे, पंप तो बस नाम है," डॉक्टर म्हणाले. "ये हवा भरता नहीं, नली खोलता है, ताकि फँसी हवा बाहर निकले." मग त्यांनी दोन्ही तळव्यांत बाबांची मूठ दाबून धरली. "फूले हुए फेफड़ों के बीच दिल ऐसे दबा है. फैलेगा नहीं तो खून भरेगा कैसे?" टेम्पोत दोन धिप्पाड माणसांमध्ये चेपलेल्या सवारीसारखी ती मूठ दिसत होती.

बाबांचा चेहरा उजळला. "मतलब... रिलीफ व्हॉल्व्ह! प्रेशर... निकालने वाला! फिर पंप... क्यों बोलते हो?"

खराब झालेली फुप्फुसं पूर्ववत होणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तरी बाबा पंप नीट घ्यायला लागल्यावर पुढच्या तपासणीत हृदय आधीपेक्षा चांगलं भरत होतं. ओठांचा निळेपणा कमी झाला. मी रोज समोर उभी राहून प्रत्येक दाब डोळ्यांनी बघत होते. विश्वास माझा कुणावरच नव्हता.

एका दुपारी पाण्याचा तांब्या देताना सवयीनं माझं नाक पुढे गेलंच. बाबांनी या वेळी नजर वळवली नाही. "इतके महिने माझं तोंड हुंगत बसलीस, त्यापेक्षा एकदा नुसतं विचारलं असतंस की बाबा, कशाची भीती वाटते, तर सांगितलं असतं पोरी, छाती फुटेल म्हणून घाबरत होतो."

मध्ये ते कुठेही थांबले नाहीत. त्यांना असं सलग बोलता यावं म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता, आणि आता ते ऐकून मला तोंड लपवावंसं वाटलं.