नाव ओढणारी गाडी

आबांनी काकांच्या दंडावर कोयता चालवला तो पाण्यावरून. दोघं आपापल्या नावेत उभे होते आणि भांडण चाललं होतं पाण्याखाली बुडालेल्या बांधाचं.

आबा म्हणजे माझे वडील आणि काका त्यांचे धाकटे सख्खे भाऊ. परतूरकडच्या आमच्या गावात दोघांची शेतं लागून होती आणि मधे बांध होता. दुधनेवर धरण झालं, पाणी चढलं, गाव उठलं. आम्ही या काठाच्या नव्या गावठाणात आलो, काका त्या काठाला गेले. शेतं बुडाली, विहिरी बुडाल्या, बांधावरची बाभळ शेंड्यासकट गेली. भांडण तेवढं वर तरंगत राहिलं. आम्ही जन्माचे शेतकरी. पोटासाठी जाळं टाकायला शिकलो, मासेमारीच्या सोसायटीचे सभासद झालो, पण डोक्यातून रान जाईना. आबा नावेत उभे राहून पाण्यावर बोट फिरवत सांगायचे, ही आपली विहीर, हे खळं, इथून पुढं त्याचं. जाळं टाकायचं तेही आपल्याच रानावर. काकांचंही तेच. सातबारा फक्त माशांना वाचता येत नव्हता, म्हणून ते दोन्हीकडं फिरत.

त्या दिवशी काकांचं जाळं, आबांच्या म्हणण्याप्रमाणे, बांध ओलांडून आमच्यात आलं होतं. आबांनी ते कापायला कोयता काढला. काकांनी नाव आडवी घातली आणि आमच्या आज्जीचाही उद्धार करणारी शिवी हासडली. ती त्यांचीही आई होती हे रागाच्या भरात त्यांच्या लक्षात आलं नाही. कोयता जाळ्यावर पडायचा तो दंडात गेला. मी मागं वल्हं धरून बसलो होतो, माझ्या तोंडावर रक्त उडालं. काका ओरडले नाहीत. जखम तळव्यानं दाबून धरली आणि म्हणाले, "आता तुहं या पाण्यात काय ऱ्हातं ते बघतोच म्या."

दवाखान्यात विचारलं तेव्हा पत्रा लागला म्हणाले. घरचं भांडण पोलिसांच्या हातात द्यायचं नाही इतकी अक्कल दोघांना होती. तेवढीच होती.

थोड्याच दिवसांनी आमची नाव काठाला फुटलेली सापडली. बुडाला कुऱ्हाडीची भोकं, इंजिन घणानं ठेचलेलं. आबा बराच वेळ त्या भोकांत बोटं घालून बघत होते. मग जालन्याहून जाड पत्र्याची नवी नाव करून आणली, तिला आधीपेक्षा मोठं इंजिन बसवलं आणि आबा कुऱ्हाड घेऊन काठावर राहायला गेले. भाकरी तिथंच, झोप तिथंच. दगडावर पातं घासत बसायचे. "येऊ दे," एवढंच म्हणायचे. कोण येणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. काका मागं हटणाऱ्यातले नव्हते, आणि आबांनी उगारलेला हात खाली येताना कुणावर तरी पडतोच, हे मी लहानपणापासून पाठीवर शिकलो होतो.

माय एक दिवस भाकरी बांधता बांधता थांबली आणि माझ्यावरच उखडली. "नाव घरी आन. नाव घरी आली की मानूस घरी यील. रोज सांच्याला पान्यातून काढून घरापुढं उभी कर, कशानं बी कर. न्हाई तर एक भाऊ मातीत जाईल आन् एक जेलात. मंग आम्ही दोघी जावा बसू एकमेकीच्या गळ्यात पडून."

आधी बैलांनी करून बघितलं. मोडक्या बैलगाडीच्या कण्यावर गाडा बांधला, त्यावर नाव चढवली आणि काठाच्या चढाला बैल जुंपले. तो चढ म्हणजे काळी माती, वरून ओली. बैल निसटू लागले. आबांनी आधी शेपट्या पिरगाळल्या, मग चाबूक ओढला, शेवटी वल्ह्यानंच मारायला लागले. डावा बैल गुडघ्यावर आला, नाकातून रक्ताळलेला फेस आला, तरी आबा मारतच होते. मी वल्हं हिसकून घेतलं. आम्ही बापलेक चिखलात एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे राहिलो, आणि नाव जिथल्या तिथं. बैल पुढं आठवडाभर माणूस दिसला की मागं सरायचे.

मग गाडी बघायचं ठरलं.

जुन्या जालन्यात भुसार दुकानांच्या मागं एका जुन्या गाड्या विकणाऱ्याचं आवार होतं, तिथं गेलो. मला जी हवी होती ती मी फाटकातूनच हेरली. बुटकी, जड, रंग उडालेली जीप, चारी चाकांनी ओढणारी. पोटाखाली वाळलेला चिखल होता, म्हणजे चिखलातून चालायची तिला सवय होती. मी खाली झोपून मागची आकडी बघितली, हातानं हलवली. कण्याला घट्ट होती.

आबांनी तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. ते एका पांढऱ्या पिकअपभोवती फिरत होते. बाजारात बैल बघतात तसे त्यांनी तिच्या मागच्या अंगावर तळवे दाबले, मग हौद्यात चढून उड्या मारल्या. गाडी हलली नाही. स्प्रिंगच्या मूळच्या पाट्यांवर जादा पाटे घालून आधीच्या मालकानं तिचा मागचा भाग उंच करून घेतला होता. रिकामी उभी असताना ती तोंड खाली घालून शेपूट वर केल्यासारखी दिसायची.

विकणारा हुशार होता. गिऱ्हाईक कुठं अडकलंय ते त्यानं बरोबर ओळखलं. "मामा, बिलकुल बिनधास्त घ्या. हिच्यात डबल कापूस भरून आम्ही कितींदा परतूरला गेल्तो. बसत न्हाई गाडी."

"बघ," आबा मला म्हणाले. "बसत न्हाई."

"आबा, आपल्याला भरायचं न्हाई, ओढायचंय," मी म्हणालो. "चिखलातून ओढायचंय. जीप घ्या."

"जीपमंदी कापूस किती बसंल?"

इथं माझं डोकं सटकलं. "कापूस? कुठल्या रानातला कापूस? पान्यातल्या?"

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी दोन लेकरांचा बाप, डोक्याचे केस पिकायला लागलेले, आणि भर आवारात बापानं कानाखाली आवाज काढला. माझा हात वर गेला होता. खोटं कशाला सांगू, तो खाली आणायला मला फार कष्ट पडले. विकणारा मधे घुसला. मी त्यांच्या अगदी वर्मी बोट घातलं होतं, आणि ते मला बोलतानाच कळलं होतं. रान बुडून इतकी वर्षं झाली तरी ते प्रत्येक वस्तू कापसानंच मोजत. खोली बघितली की किती कापूस मावेल, ट्रक दिसला की किती गाठी. त्यांच्याकडं दुसरं मापच नव्हतं.

आम्ही पिकअप घेऊन आलो. येताना मी चालवत होतो, आबा शेजारी. मागून गाडी टणाटण उडत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडा पाण्यात लोटला, त्यावर नाव घेतली, दोर आवळले आणि गाड्याची दांडी पिकअपच्या मागं अडकवली. माय वर काठाला येऊन उभी राहिली. मी गाडीत बसलो. आबा मागं, कमरेएवढ्या पाण्यात, नावेला खांदा लावून.

पहिलं चार हात अंतर छान गेलं. नाव पाण्यात होती तोवर पाणीच तिला उचलून धरत होतं. ती निम्मी बाहेर आली आणि सगळा भार एकदम गाड्यावर उतरला. जड इंजिन अगदी शेवटाला, त्यात आबांनी ओली जाळीही मागंच रचलेली. गाड्याची दांडी वर उचलली गेली आणि तिनं पिकअपचं ते रिकामं, आधीच उंच असलेलं बूड आणखी वर उचललं. मागची चाकं नुसती गरगर फिरायला लागली. चिखल उडून आबांच्या तोंडावर गेला.

"दाब, दाब!" आबा ओरडत होते.

मी दाबलं. रबराचा जळका वास आला आणि गाडी उलटी निघाली. ब्रेकवर उभा राहिलो, हँडब्रेक ओढला, काही उपयोग नाही. मागची चाकं जमिनीला धड टेकतच नव्हती, पुढची चिखलावरून घसरत होती. मग मागून ओरडणं आलं. आबांच्या आवाजातलं असलं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. गाड्याचं चाक त्यांच्या पायावर आलं होतं, पाय खालच्या धोंड्यात अडकला होता आणि नाव त्यांना मागं पाण्यात दाबत होती. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं. मला ब्रेक सोडून उतरता येईना. उतरलो असतो तर गाडी सगळीच त्यांच्या अंगावर गेली असती. मी नुसता ओरडत होतो. माय धावत खाली येत होती.

तेव्हा पाण्याकडून आवाज आला, "उलाळ झालीय! ए येड्या, उलाळ झालीय तुही गाडी!"

काका होते. त्यांच्या पोराबरोबर जवळच जाळं ओढत होते, अर्थात त्यांच्या रानावर. बैलगाडीत माल मागं जास्त झाला की जू वर उचललं जातं, बैलाच्या मानेवरचा भार उडतो, त्याला आमच्याकडं उलाळ म्हणतात. हा शब्द आबांना शिकवायची गरज नव्हती. जन्मभर त्यांनी गाडीत पोतं टाकताना आधी दांडीकडं बघितलं होतं. पण पुढं बैलाऐवजी इंजिन आलं आणि त्यांना वाटलं, इंजिनाला कसला आलाय तोल.

काकांनी नाव काठावर घातली. एका हातानं पिकअपचा फाळका धरून, दुसरा हात दंडामुळं वर जात नसल्यानं पोटावर पडून, ते आमच्या हौद्यात शिरले. पोरगं मागून. मायही चढली, लुगडं खोचून. तिघं हौद्याच्या अगदी मागच्या कडेला दाटून उभे राहिले आणि गाडीचं बूड खाली आलं. चाकांनी माती धरली. "आता घे! हळू घे!" काका कडाडले. मी घेतली. गाडी कण्हत कण्हत चढ चढली आणि वर सपाटीला येऊन थांबली.

मी पळत खाली गेलो. काका माझ्या आधी पोचले होते. आबा चिखलात पडले होते, गुडघ्याखालचा पाय भलतीकडंच वळला होता, हाड बाहेर दिसत होतं. काकांनी पायाकडं बघितलं, आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि फाडकन् त्यांच्या थोबाडीत मारली. "मेला अस्तास ना! मेला अस्तास!" असं म्हणत आणखी एक मारली. आणि डोक्याचा रुमाल सोडून पाय बांधायला बसले. बांधताना रडत होते आणि शिव्या देत होते.

दांडी सोडली, नाव तिथंच टाकली, आबांना हौद्यात निजवलं आणि परतूरच्या दवाखान्याकडं निघालो. केबिनची मागची काच फुटकी होती, मला सगळं ऐकू येत होतं. आबांचा आवाज बारीक होत चालला होता.

"बोलत ऱ्हाय," काका म्हणत होते. "डोळे मिटू नको. सांग, बांध कुठून व्हता?"

आबांचे डोळे मिटायला लागले.

"सांग ना! मोप बोलत व्हतास. कुठून व्हता?"

"बाभळीच्या... पलीकडून," आबा म्हणाले.

"अलीकडून! बाभळ माह्यात व्हती!"

"तुह्या बापानं लावली व्हती का?"

"लावलीच व्हती माह्या बापानं!"

"खोटारड्या," आबा म्हणाले, आणि आवाजात थोडा दम आला. काकांनी त्यांना बहुतेक पुन्हा मारलं, कारण माय किंचाळली.

मी कचकन् गाडी थांबवली. खाली उतरलो, हौद्याचा पत्रा मुठींनी बडवला. "खड्ड्यात गेला तुमचा बांध! मानूस मरू राह्यलाय इथं, आन् तुमाला बांध सुचू राह्यलाय! पुन्हा नाव घ्याल त्याचं तर दोघांना हितंच रस्त्यावर उतरवीन!"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. आबांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी मान काकांच्या मांडीवरून कशीबशी उचलली.

"तुह्या बापाचा हाय का रे बांध?"

"बराबर," काका म्हणाले. "आमी दोघं बघून घेऊ. तू मधे कोन बोलनार? चल, गाडी चालव."

मला कळत्या वयात पहिल्यांदाच ते दोघं एका बाजूला होते. मी केबिनमध्ये जाऊन बसलो आणि तोंड उघडं टाकून रडलो, चाळिशीच्या माणसानं रडू नये तसा. गाडी चालू केली. मागून पुन्हा शिव्या सुरू झाल्या, एक काकांची, एक आबांची. दुसरी यायला उशीर झाला की मी फुटक्या काचेकडं कान करायचो, मग ती यायची, आणि मी गाडी आणखी जोरात पळवायचो.