तंजावूरच्या स्वयंपाकघरात जायफळाची कॉफी

तंजावूरला मी गेले ते भांडायलाच. माझी मैत्रीण वसंता तिथल्या मराठी घरातली. पुण्यात आली की आमची दुधात उकळलेली, जायफळ घातलेली कॉफी पिते आणि म्हणते, "ही खीर छान झालीय, कॉफी कुठेय?" यंदा मी दोन जायफळं पिशवीत टाकली आणि निघाले. तिच्या सासूबाईंकडून, म्हणजे अम्मांकडून, आमच्या कॉफीला पसंती मिळवायचीच, असा पणच केला.

पुण्याहून चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथे गाडी बदलून तंजावूर. आरक्षण आधी करा, सणासुदीला जागा मिळत नाही. मोठ्या देवळात सकाळी लवकर जा, नाहीतर फरशीवर अनवाणी पाय भाजतात. देवळाबाहेर कुठल्याही टपरीवर फिल्टर कॉफी घ्या, फसणार नाही. ती प्यायल्यावर माझा आत्मविश्वास थोडा ढळला, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी अम्मांनी मला कॉफीची पूड आणायला पाठवलं. इथे दुकानात बिया आपल्यासमोर दळून देतात, चिकोरी किती घालू तेही विचारतात. दुकानदार जाडसर दळत होता. मी चिमूट चोळून दाखवत पूड पुन्हा पुन्हा दळून घेतली. आमच्याकडे पूड बारीक तेवढी चांगली. पुड्याला वास असा सुटला होता की मी रिक्षाभर नाक खुपसून बसले.

दुपारी अम्मांची थोरली बहीण, अक्का, जवळच्या ओरत्तनाडू गावाहून यायची होती. ती तिथे एकटीच राहते. आईच्या भांड्यांच्या वाटणीवरून दोघी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. आता अक्काचा निरोप होता की कॉफी पिईन आणि पुढची बस धरीन. अम्मांनी सकाळपासून तीनदा पडदे बदलले होते.

त्यांनी फिल्टरच्या वरच्या भांड्यात माझी पूड भरली आणि उकळतं पाणी ओतलं. खालच्या भांड्यात थेंब थेंब डिकाशन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला हवं होतं. उतरेचना. पुडीचा चिखल होऊन वरच्या भांड्याच्या तळाची भोकं बुजली होती. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

"पूड आणलीस का पीठ?" अम्मा दाराकडे बघत म्हणाल्या. "अक्का उठून जाईल ग."

मी पिशवीतलं जायफळ काढलं. दूध चढवलं, त्यात पूड आणि साखर घालून उकळलं, वर जायफळ किसलं, फडक्यातून गाळलं आणि टंबलर, म्हणजे तिथला उभट पेला, भरून अक्कासमोर ठेवला.

अक्कानं एक घोट घेतला आणि अम्मांना तंजावरी मराठीत म्हणाली, "कमला, हे कॉफी नव्हे. पायसम अहे, खीर."

"मी नाही केलं. ह्या पुण्याच्या बाईनं केलं," अम्मा म्हणाल्या.

"तुझं डिकाशन कोठं गेलं?"

"तिनं पीठ दळून आणलं अक्का, मी काय करू?"

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि हसत सुटल्या. मग पुणेकरांना काय काय येत नाही याची उजळणी झाली, आणि मी ती आनंदानं ऐकली. बस केव्हाच गेली होती. अक्कानं रिकामा टंबलर पुढे केला. "थोडं अजून घाल. वाईट नाही."

अक्का रात्री राहिली आणि सकाळी तिनं नव्या, जाडसर पुडीचं डिकाशन स्वतः केलं. पाणी गोल फिरवत ओतायचं, पूड फार दाबायची नाही, आणि मग फिल्टरला हात लावायचा नाही. ते प्यायल्यावर मी निमूट दुसरा टंबलर मागितला. तेव्हाच अम्मांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जायफळ केवढं घातलंस, सांग की मज." जिंकले.

आता आमच्याकडे सकाळी डिकाशन आणि संध्याकाळी आमची उकळलेली, असा तह झालाय. पितळी फिल्टर आणलाय, जड आहे पण आणाच. परवा वसंताचा फोन आला. अक्का ओरत्तनाडूचं घर बंद करून अम्मांकडेच राहायला आलीय, आणि सकाळची कॉफी कोणी करायची यावरून दोघींचं रोज भांडण होतं.