पहिला चमचा

"थांबा. आधी चव."

एवढं म्हणून ती टेबलावरची सॉसची बाटली उचलायची आणि तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून उभी राहायची. समोर शाळकरी मुलगी असो की टाय लावलेला गृहस्थ, नियम एकच. सुपाचा वाफाळता बोल ठेवायचा, बाटली काढून घ्यायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. पहिला चमचा घशाखाली गेला की बाटली परत टेबलावर. "आता घाला, काय घालायचं ते."

मुलांनो, तुमची आई मेलबर्नहून फोनवर मला सारखी विचारते, "दर गुरुवारी तू एकटीच कुठे जेवायला जातेस?" त्याचं हे सविस्तर उत्तर. तुमच्या आजोबांच्या मते सूप हे जेवण नव्हे, म्हणून मी एकटी जाते. इथे लंडनच्या टोकाला, पिनरच्या हाय स्ट्रीटला लागून एक गल्ली आहे. तिथे ड्राय क्लीनरच्या शेजारी आठ टेबलांचं व्हिएतनामी नूडल सूपचं दुकान आहे. ते तिचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मेन्यू हातात द्यायच्या आधीच तिने विचारलं, "वय किती?"

मी पन्नास वर्षं इंग्लंडात काढलेली बाई. इथे डॉक्टरसुद्धा वय विचारताना आधी माफी मागतो. तरी मी सांगितलं, "चौऱ्याहत्तर."

"मी बाहत्तर. म्हणजे तुम्ही मोठ्या. आमच्यात वय कळल्याशिवाय हाक मारता येत नाही. आमच्याकडे मोठ्या बहिणीला 'ची' म्हणतात."

"आमच्याकडे ताई," मी म्हटलं.

"ताई. हे सोपं आहे." तेव्हापासून मी तिची ताई झाले. बाकीची गिऱ्हाइकं नुसतीच 'डार्लिंग' राहिली, ह्याचा मला थोडा गर्व होता, तो लपवत नाही.

मी शाकाहारी म्हटल्यावर तिने बाकीच्यांसारखं तोंड वाकडं केलं नाही. तिच्या घरी महिन्यातून दोन दिवस, पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या पाडव्याला, मांसमच्छी वर्ज्य असते. आपल्या चतुर्थीला असते ना, तशी. "पण आज तुमच्यासाठी काही नाही," ती म्हणाली. "सगळ्यात फिश सॉस आहे. खोटं सांगणार नाही. गुरुवारी या."

गुरुवारी गेले तर वेगळं पातेलं तयार. मुळा, गाजर, मश्रूम. कांदा आणि आलं थेट गॅसवर भाजलेलं, आपण भरताचं वांगं भाजतो तसं. वर चक्रीफूल, दालचिनी, लवंग. माझ्या गोड्या मसाल्याचा अर्धा डबा त्या बोलमध्ये उतरला होता.

तरीपण मी आपली मराठी. तिखटाशिवाय माझं अडतं. पर्समध्ये माझी स्टीलची छोटी डबी असते आणि डबीत लसणाची चटणी. पुढे पुढे मी ती टेबलाखाली धरून, तिची पाठ वळली की, चिमूटभर सुपात सोडू लागले. त्या चटणीचा वास बसच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईने एकदा माझ्याबरोबर बसायला नकार दिला होता. पण ही बाई शेजारी उभी राहून मुळ्याबद्दल बोलत असायची आणि तिला काहीच कळायचं नाही.

एका गुरुवारी डबी हातातून निसटली. चटणी टेबलभर. शेजारच्या टेबलावरचा माणूस शिंकला. ती धावत आली, वाकली, अगदी नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "हे लाल काय आहे? रंग?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं आणि फडकं आणायला निघून गेली.

तो विषय मी काढला नाही. इथे राहून एवढं शिकले आहे की दुसऱ्याच्या अडचणीबद्दल आपण न विचारणं हे सभ्यपणाचं. त्या सभ्यपणाने पुढच्या गुरुवारी घोळ घातला. सूप इतकं खारट होतं की जीभ आखडली. ती बाटली पोटाशी धरून उभी. मी हसले आणि म्हटलं, "लव्हली!"

तिचा चेहरा खुलला. त्या पातेल्यातलं सूप तिने आणखी नऊ जणांना वाढलं. आठ इंग्रजांनी 'लव्हली' म्हटलं आणि अर्धं टाकून गेले. नवव्या आजीबाई आपल्या गुजराथी, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मीठ फुकट मिळालं का?"

जेवणाची गर्दी ओसरल्यावर ती माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसली. याआधी ती कधी बसली नव्हती.

"ताई, तुम्ही खोटं बोललात."

"तुला वाईट वाटू द्यायचं नव्हतं."

"मला वाईट वाटलेलं चालतं. सूप वाईट झालेलं चालत नाही." मग हळू आवाजात तिने सांगितलं. कोविडमध्ये वास गेला, चव गेली, आणि दोन्ही परत आलीच नाहीत. जिभेला फक्त गरम आणि गार कळतं. इतकी वर्षं ती गिऱ्हाइकांच्या तोंडावरून सूप चाखत होती. पहिला चमचा कोरा हवा, कारण सॉस पडला की चेहऱ्यावर सॉस दिसतो, सूप दिसत नाही.

"किचनमध्ये कुणाला सांग की चाखायला," मी म्हटलं.

"की संध्याकाळी लीड्सला फोन! माझी लेक तिकडे हॉस्पिटलात नर्स आहे. तिला कळलं तर दुकान बंद, मी सोफ्यावर, मांडीवर ब्लँकेट. ताई, मी सोफ्यावर मरून जाईन."

तर अशी मी पिनरची गुप्त चाखणारी झाले. पावणेबाराला, गर्दीच्या आधी. मटणाबिटणाच्या पातेल्यासाठी तिने एक रिटायर्ड बस ड्रायव्हर धरला होता. आपण नोकरीवर आहोत हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मला मात्र तिने कडक शिकवणी दिली. 'नाइस' बंद, 'लव्हली' बंद. "खारट?" "अळणी?" "पुन्हा चमचा घ्या. भुवई का हलली?" पहिले काही आठवडे मला घाम फुटायचा. एखाद्याच्या घरचं अन्न तोंडावर अळणी म्हणायचं! माझ्या आईने ऐकलं असतं तर मला जेवणावरून उठवलं असतं. पण सवय झाली. इतकी, की घरी आजोबांनी केलेल्या चहाबद्दलही मी खरं ते सांगू लागले. हल्ली तो मलाच करावा लागतो.

मग एका गुरुवारी तिची लेक आली. चाळिशीची, नीटस, आवाज मऊ. किचनमध्ये कांदा पार कोळसा होऊन धूर झाला होता आणि आई त्याच्या शेजारी उभी राहून भाजी चिरत होती, असं कुणीतरी तिला कळवलं होतं. ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"आंटी, तुम्ही नेहमी येता. माझ्या आईला वास येतो ना?"

किचनच्या दारातल्या मण्यांच्या पडद्याआड तिची आई उभी होती. मला तिचे फक्त हात दिसत होते, बाटलीभोवती घट्ट.

"अगदी व्यवस्थित," मी म्हटलं. "सगळं लव्हली."

लेक माझ्या तोंडाकडे बघत राहिली, हुबेहूब आईसारखी. मग म्हणाली, "थँक यू, आंटी," आणि तिचे डोळे भरले.

लेक तिला लीड्सला घेऊन निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. वाटेत माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. तिने एकही बोलू दिलं नाही.

"मीच शिकवलं," ती म्हणाली. "आता तुम्हाला खोटं बोलता येत नाही. चुकलं माझं." आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

आता दुकान तिचा भाचा चालवतो. पन्नाशीचा आहे, ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत होता. बाटल्या टेबलावर उघड्या असतात, कुणी कुणाला थांबवत नाही. पहिल्या गुरुवारी त्याने बोल ठेवला आणि तो वळून चालू लागला. मी बाटलीला हात लावला नाही, पर्स उघडली नाही. एक चमचा घेतला आणि सवयीने पडद्याकडे बघितलं. पडदा हलत नव्हता.

मी उठले. गल्लीत रांग उभी होती, आत सगळी टेबलं भरलेली. पन्नास वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं: सरळ किचनच्या दारात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मीठ कमी आहे."

भाचा दचकला. "सॉरी, आपण कोण?"

"ताई," मी म्हटलं.

त्याने गॅस बारीक केला. पातेल्यात मीठ घातलं, ढवळलं, छोट्या वाटीत पळीभर सूप काढून माझ्यापुढे धरलं. मग शेल्फवरची सॉसची बाटली उचलून पोटाशी धरली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.