केळझरचा नवस

आर्वीत एका धान्यवाल्या शेठकडे मी स्वयंपाक करते आणि महिन्यातून एकदा गणपतीचं नाव घेऊन पळते. नवरा जाताना मागे एचआयव्ही ठेवून गेला. गोळ्या वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात मिळतात, तेही दुपारी खिडकी बंद व्हायच्या आत. आधीच्या घरी मी रजेचं खरं कारण सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या पोळपाटावर दुसरीच बाई लाटत होती. म्हणून इथे आल्याबरोबर नवस काढला: दर संकष्टीला केळझरचा गणपती, वर्ध्याच्याच रस्त्यानं पुढे.

शेठाणीबाई भाविक. रजा देतात, वर नारळही देतात. तो मी वर्ध्याच्या बसस्टँडवर फोडते आणि अर्धा प्रसाद म्हणून परत आणते. गोळ्या देणाऱ्या ताई हसून चतुर्थीचीच तारीख देतात. फक्त चतुर्थी रविवारी आली की जीव टांगणीला लागतो. देवाला सुट्टी नसते, दवाखान्याला असते.

गेल्या चतुर्थीला गोळ्यांची डबी रिकामी होती आणि शेठाणीबाई ठेवणीतली साडी नेसून दारात उभ्या. म्हणाल्या, आज मीही येते, गाडीच काढली आहे. वर्धा आलं, गेलं. दवाखान्याचं फाटक मागे पडलं आणि माझे पाय गाडीत बसल्या जागी चालत राहिले. केळझरला मी ऐटीत उतरले आणि थेट उलट्या बाजूला निघाले.

"काऊन वं, दर महिन्याले येतं ना तू? पायऱ्या तं इकडं हाय."

मी डोळे मिटून सांगितलं की नवसवालीनं आधी देवळाकडे पाठ करून थोडं चालायचं असतं. तशा त्याही माझ्यामागे चालल्या. मग रांग, मुंगीच्या पावलानं. गणपतीला मी पहिल्यांदाच पाहत होते. ओळख सांगायची लाज वाटली. म्हटलं, बाप्पा, तेवढी खिडकी उघडी ठेव.

परतताना वर्ध्यात मी गाडी थांबवली.

"बाईजी, नवसाचं उरलेलं एकटीनंच करा लागते. मुक्यानं. तुमी जा, मी बसनं येतो."

धावत पोचले तेव्हा ताई कुलूप शोधत होत्या. गोळ्या मिळाल्या.

संध्याकाळी शेठाणीबाई दारातच होत्या. माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच विचारलं, "मुक्यानंच केलं ना?"

मी मान हलवली.

"मंग पुढच्या खेपेले मीबी मुकी राहीन. मले शेवटपर्यंत सोबत नेजो."

चतुर्थी जवळ आली आहे. पोळ्या लाटता लाटता मी नवसाचा तिसरा भाग शोधते आहे.