वही छातीशी धरली तेव्हा

श्रीगजाननास वंदन. आज समाजकार्यातील नीतिशास्त्राच्या अध्यापनाबद्दल होणाऱ्या सत्काराला निघताना नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास आला आणि उदगीरजवळच्या एका गावातील तशाच वासाची विहीर आठवली. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. बौद्ध वस्तीला त्या विहिरीवर मज्जाव होता. "पहाटे तिथूनच पाणी नेते," असे त्या वस्तीतल्या सुभद्राबाईंनी माझ्या पाणीटंचाईच्या पाहणीत विश्वासाने सांगितले होते; ते मी वहीत टिपले होते.

"गुरुजी, पाणी कोण नेतंय? वही दावा." सरपंच पाटलांनी हात पुढे केला. मी वही छातीशी धरून गप्प राहिलो.

मागून सुभद्राबाई म्हणाल्या, "त्यांना काय पुसायलाव, पाटील? म्या नेलं. आमी बी माणसंच हाव की."

ते मौन मी आयुष्यभर वर्गात विश्वासरक्षण म्हणून शिकवले. आज कळते, त्यात भयही होते. पाणी हा त्यांचा हक्क आहे, एवढे म्हणायचे राहिले. परमेश्वर आपणांस व आपल्या घरातील सर्वांना वेळेवर बोलण्याचे बळ देवो.