फुटक्या बेसिनातला गवती चहा

गवती चहाची एक पात घ्यावी, दोन बोटांत चुरगळावी आणि बोटं नाकाशी न्यावीत. लिंबाच्या सालीसारखा, पण त्याहून मवाळ असा तो हिरवा दरवळ आधी बोटांना लागतो, मग मनाला, आणि नंतर कितीही हात धुतले तरी दिवसभर सोबत करत राहतो. लहानपणी आजारपणाचा हाच वास होता. कपाळावर आईचा हात आणि उशाशी वाफाळता पेला. आता मात्र अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या गाळ्याखालच्या टपरीवर कुणी उकळत्या चहात ही पात टाकली, की माझा घोट घशातच अडतो. एखाद्या सुगंधाची माणसाला भीती वाटावी, हे तुम्हांला खरं वाटेल का? मला वाटते ती. का वाटते, तेच आज सांगायला बसलो आहे.

त्या गाळ्यात आमचं बातम्यांचं छोटेखानी दुकान आहे. दुकानात माणसं दोनच, मी आणि शैला. एका मोठ्या वर्तमानपत्रातून आम्ही दोघंही एकाच वर्षी बाहेर पडलो, कारण मालकांना काय आवडत नाही हे आम्हांला नेहमी छापून झाल्यावर कळायचं. मग शैलाने कॅमेरा हाती घेतला, मी त्याच्यासमोर बसलो, आणि कुठल्याही पक्षाचं मीठ न खाता राजकारणाच्या बातम्या सांगायच्या, असा आमचा संसार सुरू झाला. शेजारच्या गाळ्यात लेबलं छापण्याचं यंत्र आहे. ते आठवडाभर असं धडधडत असतं, की गंभीर वाक्याच्या मध्येच टेबल थरथरावं. रविवारी ते बंद असतं. म्हणून आमचा सगळ्यांत लाडका कार्यक्रम, 'रविवारचा जबाब', त्या एका दिवसाच्या शांततेत थेट प्रसारित व्हायचा.

जबाब आम्हीच द्यायचा, आणि तो प्रेक्षकांना. आठवडाभर लोकांनी जे विचारलं, सुनावलं, हिणवलं, ते त्या टेबलावर वाचून दाखवायचं आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. नियम दोन होते. सगळ्यांत कडू पत्र सगळ्यांत आधी. आणि पत्रं शैलाने निवडायची, मी ती आधी बघायची नाहीत. कागद माझ्या हातात यायचा तो कॅमेऱ्यासमोरच. तयारी करून दिलेलं उत्तर हे उत्तर नसतं, वकिली असते, असं आमचं मोठं तेजस्वी तत्त्व होतं! सत्तेला जाब विचारणाऱ्याने स्वतः जाबापासून पळ काढावा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मला त्या खुर्चीचा गर्व होता. आता तो शब्द लिहिताना लाज वाटते, पण होता.

मुलुंडचे एक निवृत्त शिक्षक दर आठवड्याला रेघांच्या कागदावर पत्र लिहीत. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणत असू. 'मागील रविवारी आपण एका नगरसेवकास दोन वेळा आमदार संबोधिलेत. त्यांची तेवढी घाई आहेच, आपण कशाला करता?' असा त्यांचा टोला. त्यांच्या पत्राची मी चातकासारखी वाट पाहायचो. आपल्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारं कुणीतरी आहे, ही भावना फार ऊबदार असते.

आणि मग आम्ही ती बातमी केली. विक्रोळीत, खाडीच्या बाजूला, एका स्थानिक पुढाऱ्याच्या ट्रस्टची बालवाडी. तिथे मुलांसाठी हजेरीचा एक पट, आणि मुलांच्या आयांसाठी दुसरा. पुढाऱ्याची सभा असली की आयांची हजेरी त्या दुसऱ्या पटावर लागायची, आणि जिच्या नावापुढे लागोपाठ तीन फुल्या पडतील तिच्या लेकराला बालवाडीत 'जागा नाही' व्हायची. ही फुली मारण्याचं काम जिच्याकडे होतं, त्या बाईंनी स्वतः आम्हांला बोलावून सगळं सांगितलं. दोन मुलांना त्यांनी स्वतःच्या हाताने परत पाठवलं होतं. ते त्यांच्याने सोसवेना. त्यांचं नाव मी घेणार नाही. तेव्हाही घेतलं नव्हतं. शैलाने त्यांचा चेहरा धूसर केला, आवाज बदलला, मागची भिंतसुद्धा झाकली. त्या बाबतीत ती फार काटेकोर आहे.

बातमी गाजली. पुढच्या रविवारी कागद माझ्या हातात आला आणि मी तो नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. 'चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. अशी बाई आहेच कशावरून? बसल्या जागी गोष्ट रचलीत आणि आम्हांला खपवलीत.'

या प्रश्नात गैर काय होतं? काहीच नव्हतं. प्रेक्षकाने विचारावा असाच तो होता. 'ती आहे, तिच्या जिवाला धोका आहे, म्हणून याहून अधिक सांगणार नाही,' एवढं म्हणून मी पुढचा कागद उचलायला हवा होता. पण 'रचलीत' हा शब्द मला झोंबला. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला शब्दच लागतात. मी कॅमेऱ्याकडे झुकलो आणि बोलू लागलो. मी म्हणालो, मी त्या बाईच्या उंबऱ्यावर बसलो आहे. तिच्या दाराशी एक फुटकं पांढरं बेसिन आहे, त्यात तिने गवती चहा लावला आहे, आणि बोलता बोलता उठून तिने त्याची पात खुडली, मला चहा करून दिला. तो वास अजून माझ्या बोटांना आहे, आणि तुम्ही म्हणता ती नाही?

वा! काय बोललो होतो मी! लोकांनी भरभरून लिहिलं, 'घर डोळ्यांसमोर उभं केलंत.' खरंच केलं होतं. ज्यांना ते घर शोधायचं होतं, त्यांच्याही डोळ्यांसमोर ते उभं राहिलं. त्या वस्तीत फुटकी बेसिनं किती असणार, आणि गवती चहा लावलेलं किती?

दोन दिवसांनी बाईंच्या दाराशी माणसं आली. त्यांनी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. एकाने ते बेसिन उचललं आणि समोरच्या गटाराच्या कठड्यावर आपटलं, बस. दुसऱ्याने विचारलं, सासरे अजून पहाटे एकटेच चालायला जातात का? त्याच आठवड्यात बालवाडीतून बाईंना काढलं. महिना उलटायच्या आत सगळं कुटुंब ती खोली सोडून गेलं. बावीस वर्षांची वस्ती, शेजारपाजार, मुलीची शाळा, सगळं मागे टाकून. हे मला शैलाकडून कळलं. यंत्र धडधडत होतं, म्हणून ती ओरडूनच बोलत होती, की रागाने, मला अजून ठरवता आलेलं नाही. "तुला कोणी सांगितलं होतं रे, बेसिन नि झाड बोलायला? आहे म्हणायचं, पुढं जायचं ना!" मग ती खाली बसली आणि म्हणाली, "पत्र मीच काढलं होतं यार. मला वाटलं, तू मस्त उत्तर देशील."

मी बाईंना फोन केला. पहिल्या दोन वेळा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. मी माफी मागत राहिलो, त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी चांगलंच बोललात ओ सर. आमचं दार अगदी दिसत होतं. तेच तर झालं ना." मी म्हटलं, येत्या रविवारी सगळ्यांसमोर चूक कबूल करतो. त्यावर त्या पहिल्यांदा घाबरल्या. "नको नको. माफी मागाल, तर लोक परत विचारतील, कोण बाई, कुठं गेली. तुमचं मन मोकळं होईल, पण आमाला परत उठावं लागेल. आता गप राहा, एवढंच करा."

एवढंच! ज्याचा सगळा प्रपंच उत्तर देण्यावर उभा, त्याच्याकडे तिने मौन मागितलं. आम्ही जबाबाचा तो भाग इंटरनेटवरून काढून टाकला, आणि का काढला हेही सांगता येईना. मग व्हायचं तेच झालं. रविवारी कागद येऊ लागले. 'त्या बाईचं पुढे काय झालं?' 'भाग कुठे गेला?' 'पुढाऱ्याने बोलावून घेतलं वाटतं!' मी प्रत्येक कागद मोठ्याने वाचायचो, कारण नियम तो नियम, आणि म्हणायचो, 'याचं उत्तर माझ्याजवळ आहे, पण मी ते देणार नाही.' असं उत्तर पुढारी देतात. वर्षानुवर्षं मी त्यांची याच वाक्यासाठी सालटी काढली होती. पुढाऱ्यांपैकी एखाद्याच्या तरी मौनामागे कुणाचं झाकलेलं घर असेल का, असा विचार मनात डोकावून गेला. नसेल बहुधा, पण पूर्वीइतक्या खात्रीने मला आता काही म्हणवत नाही.

लोक सोडून जाऊ लागले. तेही सोसलं. मग गुरुजींचं पत्र आलं. शैलाने ते टेबलावर ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. 'तुमच्या चुका मी आजवर काढल्या, कारण तुम्ही त्या मान्य करीत होता. विचारलेल्या प्रश्नास बगल देणारा माणूस मला आता तुमच्या खुर्चीत दिसतो. यापुढे पत्र येणार नाही.' मी ते पूर्ण वाचलं. मग पुढचा कागद उचलला. गुरुजींनी शब्द पाळला आहे. त्यांच्या पत्रांचा गठ्ठा मी खणात ठेवला आहे आणि तो खण उघडत नाही.

गुरुजी, हा लेख खरं तर तुमच्यासाठी आहे. मी विकला गेलो नव्हतो. मी फक्त फार सुंदर बोललो होतो, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजली. हे एवढं तरी सांगण्याची मुभा मिळावी म्हणून मी बराच काळ थांबलो, मग बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी वाचून दाखवा. मी लेखात गाव बदललं, काम बदललं, घरातली माणसं बदलली; विक्रोळी ही विक्रोळी नाही, बालवाडी ही बालवाडी नाही. मग फोनवर हे सगळं, अगदी पहिल्या ओळीपासून, त्यांना वाचून दाखवलं.

"सगळं बरोबर हाय सर," त्या म्हणाल्या, "फक्त ते झाड बदला."

बदललं आहे. पहिल्या ओळीतला तो दरवळ, बोटांना लागलेला, आईच्या हाताचा, माझा घोट अडवणारा, सगळा मी माझ्या पदरचा घातला आहे. तिच्या दाराशी गवती चहा नव्हता. जे होतं त्याला वास होता की नव्हता, हेही आता मला विचारू नका.